मागच्या सीटवरचं वजन

अंतोन गेल्याची बातमी मला हॉस्पिटलच्या जिन्यात मिळाली. माझ्या हातात चहाचे दोन कप होते. त्याला चहा चालत नव्हता, शेवटचे नऊ दिवस तर पाणीसुद्धा चमच्याने दिलं जात होतं. पण खाली जाऊन एकच कप आणायचा म्हटलं की माझा पाय उचलत नसे. म्हणून मी दोन आणायची, त्याचा त्याच्या उशाशी झाकून ठेवायची आणि निवला की बेसिनमध्ये ओतून द्यायची. त्या सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सिस्टर वरून उतरत आली आणि मला बघून थबकली. "आंटी, कप खाली ठेवा," एवढंच म्हणाली. मी कप पायरीवर ठेवले... पुढचं तिला बोलावं लागलं नाही. छत्तीस वर्षांचा संसार त्या वळणावर संपला. मला आठवतंय ते एवढंच की त्या दोन कपांवर कुणाचा पाय पडेल याची मला काळजी लागून राहिली होती.

याला आता सात आठवडे झाले. चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे आपापल्या घरी गेले, त्याचे कपडे अजून कपाटात आहेत. अंतोन काही मोठा माणूस नव्हता. आमच्या निर्मळ गावात लोक त्याला मास्तर म्हणत आणि तो दर वेळी न कंटाळता सांगे, "मास्तर नाही हो, लॅब असिस्टंट." एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने एकतीस वर्षं नळ्या धुतल्या, तराजू पुसले. शिक्षकांचा प्रयोग फसला की ते हळूच दार लोटून त्यालाच हाक मारत. त्याचं वाक्य ठरलेलं असे : "एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं होतं तसं ठेवा." घरात तेच. आमटी बिघडली की माझी उलटतपासणी व्हायची, आज काय काय बदललंस म्हणून. मी प्राथमिकची शिक्षिका, माझ्याही जिभेला हाड नाही. मी म्हणायची, "आज एकच गोष्ट बदलते, स्वयंपाक तू कर." हे सगळं आम्ही आमच्या वाडीच्या बोलीत बोलायचो. ती कागदावर उतरवायला गेले तर तिची सगळी चव जाईल, म्हणून इथे साध्या मराठीत लिहिते आहे. आणि लिहायचं कारणही सांगून टाकते. जाताना त्याने माझ्यावर एक काम सोपवलं होतं. अकरा माणसांना भेटून सांगायचं की अंतोनने तुम्हाला टायरबद्दल जे सांगितलं, ते चूक होतं. सात आठवडे झाले तरी माझ्याच्याने ते होत नव्हतं.

टायरचं हे वेड त्याला वटारला लागलं, त्याच्या थोरल्या भावाच्या वाडीत. भावाची केळी आणि भाजी छोट्या टेम्पोतून बाजारात जायची. आमच्या पश्चिमेकडच्या वाड्यांची जमीन रेताड, भरलेला टेम्पो आत आला की चाकं रुतायची. त्यावर सगळ्यांचा एकच उपाय, टायरमधली हवा थोडी सोडायची. टायर पसरतो, रेतीत रुतत नाही, टेम्पो डुलत डुलत बाहेर पडतो. आणि मग पडला एकदाचा बाहेर या आनंदात हवा परत भरायची राहून जाते. तसाच तो मऊ टायर घेऊन टेम्पो पार दादरपर्यंत जायचा, आणि डिझेल जास्त जळलं म्हणून शिव्या पंपवाल्याला. वर्षानुवर्षं सगळी आळी पंपवाल्याला चोर समजत होती. अंतोनने एकदा खाली वाकून टायर अंगठ्याने दाबला आणि तिथेच हसत बसला. दुसऱ्या दिवसापासून तो पायाने मारायचा पंप घेऊन वाडीच्या फाटकात उभा राहायला लागला. भाऊ वैतागायचा, उशीर होतो म्हणायचा. हा म्हणायचा, "चपातीची कणीक मळताना तुझ्या बायकोचे हात दुखतात की नाही? मऊ टायर रस्त्यावर तसाच मळला जातो, सारखा. ते मळायला जोर लागतो. तो जोर तुझं डिझेल देतं." आठ दिवसांत फरक दिसला आणि पंपवाल्याची चोरी माफ झाली. त्याबद्दल माफी मात्र त्याच्याकडे कुणी मागितली नाही.

तिथून पुढे रविवार गेले. पहिली मिस्सा आटोपली की आमचं जोडपं स्कूटर घेऊन निघायचं, आणि बायका मला विचारायच्या, "कुठे गो फिरायला?" फिरायला कसलं! अंतोनने सलाइनची रिकामी प्लास्टिकची बाटली आणून तिच्यावर शंभर मिलिलिटरची रेघ मारली होती. स्कूटरच्या टाकीची नळी काढायची, बाटलीची नळी जोडायची, बाटली हँडलला टांगायची, देवळाच्या तळ्यापासून निघायचं आणि एकाच वेगाने वटारच्या दिशेने जात राहायचं. पेट्रोल संपलं की गाडी आचके देत थांबायची. थांबली ती जागा वहीत. मग पुढच्या रविवारी टायरमधली हवा बदलून, किंवा टायरच बदलून, पुन्हा तेच. रुंद टायर दिसायला झोकदार, पण गाडी अलीकडेच मरायची. खोल खाचा-गुटक्यांचा टायर चिखलात चांगला, डांबरावर नुसता गुरगुरायचा आणि पेट्रोल प्यायचा. जुना, झिजत आलेला टायर नव्यापेक्षा थोडा पुढे न्यायचा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आमची ती जुनी स्कूटर नसती तर हे जमलंही नसतं, नव्या गाड्यांना असली बाटली लागत नाही म्हणे.

या सगळ्यात माझं काम काय होतं, तर वजन. शब्दशः वजन. मागच्या सीटवर दर वेळी तेवढाच भार हवा, नाहीतर टायरचा फरक कळणार कसा? म्हणून निघायच्या आधी पडवीत मला वजनकाट्यावर उभं केलं जायचं. चप्पल घालून, पर्ससकट. लग्नाला अमुक वर्षं झालेली बाई, गावातल्या निम्म्या पोरांची शिक्षिका, आणि भर सकाळी नवरा खाली वाकून आकडा बघतोय! उपासकाळात मी गोड सोडायची, दोन किलो उतरायची, तर हा मांडीवर तांदळाची पिशवी ठेवायचा. मुलाच्या लग्नानंतर मी चांगली भरले, तर त्याने डिकीतली हत्यारं, छत्री, रेनकोट सगळं काढून ठेवलं आणि तरी तोंड वाकडं करून म्हणाला, "अजून सातशे ग्रॅम जास्त आहेत." मी म्हटलं, "मग मंगळसूत्र काढून ठेवू?" तो खरोखरच विचारात पडला. मी चिडून घरात निघून गेले आणि त्या रविवारी प्रयोग झाला नाही. आता वाटतं, बसले असते तर काय बिघडलं असतं.

बाटलीतलं पेट्रोल संपायचं ते बहुतेक वेळा वटारच्या पुढे, कुंदाबायच्या वाडीच्या फाटकापाशी. कुंदाबाय खाडीकडच्या गावची, लग्न होऊन इकडे आलेली, अजूनही माहेरचीच बोली बोलणारी. फाटकात बसून ती देवाला वाहायची फुलं पुड्यांमध्ये बांधत असायची. पहिल्यांदा तिला वाटलं आमची गाडी बिघडली. मग तिला सवय झाली. "मेली का गाडी? या, पानी प्या," म्हणून ती तांब्या पुढे करायची. अंतोन तिच्या फाटकापासून पावलं मोजायचा, दहा पावलं अलीकडे, पंधरा पावलं पलीकडे, आणि ती मला डोळा घालून म्हणायची, "बाय, तुजा नवरा रस्त्याला माप घालतोय, सदरा शिवनार काय त्याला?"

तोवर सगळ्यात पुढे गेलेला टायर कोणता, हेही मला पक्कं आठवतं, कारण त्याने मला पाडलं. कडक रबराचा होता, स्वस्त, आणि काय त्याची धाव! कुंदाबायचं फाटक मागे टाकून गाडी पार वळणापर्यंत गेली. अंतोन हरखून गेला. पुढच्याच आठवड्यात रिमझिम असताना ओल्या रस्त्यावर कुणीतरी टाकलेल्या केळीच्या पानांवरून मागचं चाक सरकलं आणि मी कोपरावर आपटले. हाड मोडलं नाही, सालटं निघालं. त्याच संध्याकाळी त्याने तो टायर काढून टाकला. मी म्हटलं, "अरे, एवढा धावतो तो." तो हत्यारं आवरत राहिला. नंतर मी वही उघडून पाहिली. त्या टायरच्या सगळ्या आकड्यांवर आडवी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, "हा नको. हिला लागलं." माझ्याबद्दल त्याने आयुष्यात लिहिलेलं हे एकच वाक्य. प्रेमपत्र वगैरे आमच्यात नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याने पुन्हा टायर बदलायला काढले. आमच्या नाक्यावर वसंतचं टायरचं दुकान आहे. वसंतसुद्धा खाडीकाठच्या शेतकरी घरातला, अंतोनपेक्षा बराच लहान, पण दोघांचं गूळपीठ. वसंतकडे एक नवा टायर आला होता. कडक नाही, ओल्यात धरणारा, आणि तरी पेट्रोल वाचवणारा, असं कंपनीवाले सांगत होते. अंतोनचा कंपनीवाल्यांवर विश्वास कधीच नव्हता. "मोजल्याशिवाय नाही," म्हणाला. बसवला. रविवारी निघालो. माझं वजन झालं, नेहमीइतकं, ग्रॅमचाही फरक नाही. गाडी कुंदाबायच्या फाटकावरून पुढे गेली, वळण ओलांडलं, आणि आंब्याच्या झाडाखाली जाऊन थांबली. दोनशे पावलं जास्त! दोन रविवारांनी पुन्हा केलं, तर आणखी चाळीस पावलं पुढे. "टायर बसला आता नीट," अंतोन म्हणाला. सेवानिवृत्तीनंतर इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात तो लोकांना थांबवून थांबवून सांगत होता, "मी स्वतः मोजलंय. असा टायर मी आजवर पाहिला नाही." अंतोन मोजल्याशिवाय बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा जणांनी वसंतकडे जाऊन तो टायर बसवला. नाताळात आमच्याकडे केक घेऊन आलेला प्रत्येक जण टायरबद्दल बोलत होता, आणि अंतोनची प्लेट तशीच भरलेली होती. भूक नाही म्हणाला. खूश आहे, म्हणून जेवत नाही, असं मला वाटलं...

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. गाडीवर मी डाव्या हाताने त्याची कंबर धरून बसायची. छत्तीस वर्षं तसंच. माझा हात त्याच्या सदऱ्याच्या बाजूला पोचायचा, त्यापुढे पोट आडवं यायचं आणि त्यावरून मी त्याला चिडवायची. त्या आंब्याच्या झाडाच्या रविवारी माझी बोटं त्याच्या पट्ट्याच्या बकलापर्यंत पोचली होती. मला ते कळलं होतं. मला ते आवडलं होतं! मी बकल धरून बसले आणि मनात म्हटलं, म्हातारपणी बरा दिसायला लागलाय. कुंदाबायने तर तोंडावर सांगितलं, "मास्तर, तुमी उतरलाव. बाय, जेवायला घालतेस ना याला?" आणि आम्ही दोघं हसलो. अंतोन म्हणाला, "मी नाही, गाडी सुधारली." दर रविवारी वजनकाटा पडवीत होता. त्यावर मी उभी राहायची. तो कधीच राहिला नाही. मागच्याचं वजन मोजायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, पण चालवणारा तोच, दर वेळी तोच, तो कशाला बदलेल? आणि मीही कधी म्हटलं नाही की चल, आज तू उभा राहा.

नाताळानंतर त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या. पोटातला आजार, आणि बराच पसरलेला. डॉक्टर चांगले होते, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मी अंतोनकडे पाहिलं, अंतोनने माझ्याकडे. रोज एका ताटात जेवणारी दोन माणसं, आणि दोघांनाही उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "लक्षात नाही आलं, डॉक्टर." अंतोन म्हणाला, "उद्या सांगतो." वॉर्डात परत आल्यावर त्याने मला घरून वही आणायला लावली. माझ्या मनात आलं, या माणसाला आत्ता टायर सुचतायत! संताप संताप झाला माझा. मी वही आणून त्याच्या पलंगावर जवळजवळ आपटली.

तो पानं उलटत गेला. एका पानावर थांबला. नवा टायर बसवण्याच्या आधीची, जुन्या टायरवरची शेवटची चाचणी होती. तिच्यावर रेघ मारलेली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "वारा मागून होता. धरू नये." त्या दिवशी जुनाच टायर, तेवढीच हवा, माझं तेवढंच वजन, आणि गाडी फाटकाच्या साठ पावलं पुढे गेली होती. ते हिशेबात बसेना म्हणून त्याने वाऱ्यावर ढकललं होतं. अंतोनने त्या रेघेवरून बोट फिरवलं. "वारा नव्हता गो," तो म्हणाला. "मी होतो." मला काही कळेना. मग त्याने शाळेतल्या पोरांना समजवावं तसं, अगदी सावकाश, मला समजावलं. गाडी हलकी झाली की पुढे जाते. मागचं वजन तेच होतं. टायर तर तेव्हा जुनाच होता. म्हणजे पुढचं वजन कमी झालं होतं. "टायरचाही थोडा वाटा असेल," तो म्हणाला, "पण किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या." दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना तारीख सांगितली. वहीतली. डॉक्टरांनी ती लिहून घेतली. मी बोटांवर महिने मोजले. अडीच महिने. ते अडीच महिने आम्ही आनंदात होतो. दर रविवारी तो थोडा थोडा संपत होता आणि आम्ही पावलं मोजून टाळ्या पिटत होतो.

त्यानंतर त्याला आजाराचं जेवढं दुःख नव्हतं, तेवढं त्या अकरा जणांचं होतं. उपचार सुरू झाले, हाताला सलाइन लागलं. ती बाटली बघून तो सिस्टरला विचारायचा, "एवढ्यात मी किती किलोमीटर जाईन?" ती हसायची. मी बाहेर जाऊन रडून यायची. आणि माझ्याजवळ मात्र त्याचं एकच. "त्यांना सांग. एकेकाला भेटून सांग की मास्तरचं चुकलं." चक्क स्वतःला मास्तर म्हणाला. मी म्हटलं, "अरे, टायर वाईट नाहीय. कुणाचं काय नुकसान झालंय? कशाला सांगायचं?" तो थकला होता, वाक्य तोडत तोडत बोलला. "नुकसान नाही गो... पण मी मोजलंय असं सांगितलं होतं ना मी." मी त्याचा हात धरून म्हटलं, "सांगते." हात हातात घेतला की अख्खा मावायचा तेव्हा.

अंत्यविधीला ते अकराही जण आले होते. पेटीला खांदा द्यायला त्यातले चार पुढे झाले. मग रांगेने माझ्यापाशी येऊन हात जोडले, आणि बहुतेकांना दुसरं काही सुचेना तेव्हा ते टायरबद्दल बोलले. "त्यांनी सांगितलेला टायर एक नंबर निघाला, टीचर." "गाडी काय धावते माझी!" "दर वेळी पेट्रोल भरताना त्यांची आठवण येईल बघा." मी मान हलवत राहिले. महिन्याच्या मिस्सेला पुन्हा तेच, पुन्हा माझी मान. अंतोनला दिलेला शब्द मी दर वेळी पुढे ढकलायची. कारण टायर चुकला एवढंच सांगून भागणार नव्हतं. लोक विचारणार, मग गाडी पुढे कशी गेली? आणि मला सांगावं लागणार की माझा नवरा झिजत होता म्हणून गेली, आणि त्याच्या कमरेला हात घालून त्याच्या मागे मी बसले होते, आणि मला कळलं नाही. नाही, हेही खरं नाही. मला कळलं होतं, फक्त मी त्याचा अर्थ उलटा लावला. हे अकरा वेळा कसं म्हणायचं? मुलगा मनवेलपाड्याला राहतो, तो दर शनिवारी येतो. तो म्हणाला, "मम्मी, कशाला सांगायला पाहिजे कुणाला? पप्पांचं नाव चांगलं आहे, तसंच राहू दे ना." त्याचं बरोबर होतं. पण त्याच्या पप्पांना त्या नावाची पर्वा नव्हती, जे मोजलं ते खरं असावं एवढीच होती, आणि हे मुलापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

शेवटी गेल्या रविवारी मी स्कूटरवरचं कापड काढलं. नाताळानंतरच्या रविवारपासून ती पडवीतच उभी होती. मला चालवता येते, त्यानेच शिकवली होती, पण तो असताना पुढे बसायची वेळ आली नाही. चार-पाच लाथांनी सुरू झाली. वसंतच्या दुकानापर्यंत मी अगदी हळू गेले आणि गाडीवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण उतरले असते तर परत फिरले असते. सगळं सांगितलं. टायर, वजन, वही, वाऱ्याची रेघ, बकल. वसंत हातातला पान्हा धरून ऐकत राहिला. त्याचे डोळे भरले. मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून म्हणाला, "बाय, मना वाटलं मास्तर टायरच्या खुशीत बारीक झाले." म्हणजे त्यालाही दिसलं होतं. सगळ्यांनाच दिसलं होतं. काय वाटलं मला ते सांगता येत नाही... हलकं नाही वाटलं. पण एकटी मीच आंधळी नव्हते, हे कळलं. "त्या अकरा जनांना मी सांगू का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. ते माझं काम आहे. हे छापून येईल तेव्हा ते अकराही जण वाचतील, आणि तरीही मी प्रत्येकाच्या दारात जाणार आहे.

मी निघाले तेव्हा वसंतने सवयीने खाली बसून टायर तपासले. पुढचा पाहिला, मग मागचा. मागच्याला मीटर लावून तो जरा थांबला. "उतरलीय थोडी, पन तरी जास्तच हाय. ही दोघांची हवा हाय, बाय," तो म्हणाला. "आता मागं कोन बसनार हाय का? नसंल तर कमी करतो, एकट्यानं चालवताना गाडी उडंल नुसती." त्याने साधाच प्रश्न विचारला होता, दिवसातून वीसदा विचारत असेल. ती हवा अंतोनने भरली होती. नाताळानंतरच्या रविवारी, डोळे पिवळे दिसले त्याच्या आदल्या दिवशी, मला काट्यावर उभं करून झाल्यावर. पंप मारताना दोनदा पायरीवर बसला होता, आणि पुरी भरून झाल्यावर म्हणाला होता, "आज नको जाऊया. दम लागला." म्हणजे त्या टायरमध्ये अजून तो होता. वसंत माझ्याकडे बघत होता. ठेवून द्यावी असं फार वाटलं. पण एकट्या बाईच्या गाडीत दोघांची हवा... अंतोनने ते एक मिनिट चालू दिलं नसतं.

"मागे कुणी नाही," मी म्हटलं. "सोड." मग म्हटलं, "थांब, मी सोडते." पदर खोचून मी चाकापाशी बसले. वसंतने कुठे दाबायचं ते दाखवलं. मी दाबलं. हवा फुस्स करून बाहेर आली, चांगली जोरात, आणि मी दुसरा हात तिच्यासमोर धरला. गार होती. वसंत मीटर लावून बघत होता. "बास, बाय," तो म्हणाला, आणि मी बोट काढलं.